डावा गुडघा

डॉक्टरबाईंनी थंडगार जेल गुडघ्यावर ओतलं, तशी चैतरामने टेबलाची कड घट्ट धरली.

“दुखतंय?”

“नाही,” तो म्हणाला आणि लगेच सावरला. “म्हंजे दुखते. कधी कधी दुखते.”

पायाशी स्टुलावर दुधराम बसला होता. त्याचा उजवा डोळा अस्वलाने नेला होता आणि त्या बाजूचा ओठ नीट मिटत नव्हता. गोंदियाला जायचं, गुडघा दाखवायचा, हा हट्ट त्याचाच. हाडांच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली तेव्हा चैतराम म्हणाला होता, राहू दे, ते बायांचं काम. दुधरामने ऐकलं नाही.

एप्रिलमध्ये दोघं नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडेला मोहफुलं वेचायला गेले होते. झुडपातून अस्वल निघालं ते थेट दुधरामवर. चैतराम दहा पावलांवर होता, हातात कुऱ्हाडही होती. तो हलला नाही. आरडाओरड करत दुसरे लोक धावून आले, तेव्हा अस्वल पळालं. पुढे गावाला, फॉरेस्टवाल्यांना आणि दुधरामच्या बायकोला, सावित्रीबाईला, त्याने एकच सांगितलं: डावा गुडघा जाम झाला, पाय उचललाच गेला नाही. तेव्हापासून तो लंगडत होता. आधी आठवण ठेवून, मग सवयीने.

यंत्राला आतलं सगळं दिसतं, असं त्याने ऐकलं होतं. आता ही बाई मान वळवून म्हणेल, याला काहीच झालेलं नाही. आणि म्हणेल ते दुधरामच्या समोर. त्याच्या काखेतून घाम ओघळला.

“गुडघा वाकवा. अजून. हां.”

यंत्राची मूठ कातडीवरून सरकत राहिली. पडद्यावर राखाडी पट्टे हलत होते. बाईंनी एक बटण दाबलं, चित्र थांबवलं, काहीतरी मोजलं. पुन्हा मोजलं. चैतरामने डोळे मिटून घेतले.

“काका, किती वर्षं सहन करताय हे?”

त्याला प्रश्न कळलाच नाही.

“गादी झिजलीय. हाडाच्या कडेला ही टोकं आलीत, बघा. सांध्यात पाणीही आहे.”

दुधराम उठून उभा राहिला. “मॅडम, असा गुडघा एकदम जाम होऊ शकते का?”

“होऊ शकतो.”

“आयकलं?” दुधराम चैतरामकडे बघून म्हणाला.

चैतराम छाती हलकी होण्याची वाट बघत राहिला. ती झाली नाही. आता त्याची सबब कागदावर येणार होती, सही-शिक्क्यासकट. जन्मभर कोणी काही विचारणार नव्हतं.

बाहेर पडताना रिपोर्टचा लिफाफा दुधरामकडे होता आणि त्याचा दुसरा हात चैतरामच्या दंडाखाली. तिसऱ्या पायरीवर चैतराम थांबला.

“दुधराम, त्या दिवशी गुडघा जाम नव्हता झाला.”

वर चढणारी एक बाई त्यांना वळसा घालून गेली.

“मले मालूम हाय,” दुधराम म्हणाला.

“काय मालूम हाय?”

“मी खाली पडलो होतो ना. तुये पाय दिसत होते मले. लटलट कापत होते.”

“मंग इथं कायले आणला मले?”

“सहा महिने झाले, तू आमच्या घरी आला नाही. गुडघा दुखते म्हणून निरोप धाडून राहिला.” दुधरामने रुमालाने ओठाची कड पुसली. “सावित्री रोज विचारते. काय सांगू तिले? म्हटलं, गुडघा दाखवून टाकू, मंग तरी येशील.”

त्याने लिफाफा चैतरामच्या हातात दिला. चैतरामने कठडा धरला. अजून दहा-बारा पायऱ्या उरल्या होत्या आणि गुडघा खरोखरच दुखत होता, बहुधा कधीचाच.

दुधराम एक पायरी खाली उतरला आणि थांबला.