चावी नसलेलं घड्याळ

लग्नात सासऱ्यांनी मला घड्याळ दिलं. मी किन्हीराजाचा, सासरे इंद्रभान कामरगावचे. त्यांचा मुलगा उकंडराव मुंबईला गोदीत कामाला होता. सासऱ्यांच्या पैशानं त्यानं ते एका खलाशाकडून घेतलं होतं. पाणबुड्यांचं घड्याळ. जाड, पोलादी पट्ट्याचं, काचेभोवती फिरणारं कडं. उकंडरावनं ते भर मांडवात पाण्याच्या घागरीत टाकलं आणि सगळे पाहुणे वाकून घागरीत पाहू लागले. बाहेर काढलं तर चालूच.

"किन्हीराजाले पाणबुडा!" कोणीतरी म्हणालं. "इथं विहिरीत गुडघाभर पाणी नाई!"

त्याला चावी नव्हती. हात हालला की ते चालायचं. काढून ठेवलं की एक-दोन दिवसांत बंद. मी तापानं पडलो तेव्हा माझ्या बायकोनं, वच्छलानं, ते घातलं. पट्टा तिला मोठा व्हायचा. तिनं ते कोपराच्या वर सरकवलं आणि शेतात निंदायला गेली. "आमच्या मालकासारखंच आहे," बायांना सांगायची, "हालवल्याशिवाय चालत नाई."

चौऱ्याहत्तर साली ती काविळीनं गेली. पोरगी तीन वर्षांची होती.

तेव्हापासून मी घड्याळ काढलं नाही. काढता येत नव्हतं. सासरे आले की आधी माझ्या मनगटाकडं पाहायचे. घड्याळ आहे म्हणजे जावई आहे. उन्हात पोलाद तापायचं, खाली कातडी सोलायची, तरी ठेवलं.

वर्षभरानं वच्छलाच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या स्मरणाच्या वंदनेच्या, आदल्या दिवशी तिची मदतीला आलेली धाकटी बहीण बेबी विहिरीवर भांडी घासत होती. मी पाणी काढत होतो.

"भाऊजी, उद्या बाबा तुमच्या-माह्या लग्नाचा विषय काढतीन. तुमी नाई म्हणा."

"तूच म्हण ना."

"मी म्हणलं तर मार खाईन. तुमी म्हणलं तर बाबा नुसते रुसतीन."

तिचा अकोल्याला नर्सच्या ट्रेनिंगला नंबर लागला होता. "सेकंद काट्याचं घड्याळ लागते म्हणे तिथं, नाडी पाह्याले," ती म्हणाली. "बाबा म्हणते, जल्मात एकच घड्याळ घेतलं, थे जवायाले देल्लं."

मी घागर उचलून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी वंदना झाली. पांढऱ्या कपड्यातली माणसं सतरंजीवर बसली. सासरे माझ्यासमोर सरकले.

"जानराव, पोरीले परकी माय कायले आणता? बेबी आहे. घरचीच आहे."

"मले डोळ्यानं दिसत नाई रे बाबू," माझी आई मागून म्हणाली. "मी किती दिस सांभाळीन तिले?"

ती खरं बोलत होती. पोरगी माझ्या मांडीवर घड्याळाचं कडं फिरवत होती. त्याशिवाय तिला झोप यायची नाही. समोर सासरे, मागं आई, दारात माणसं. माझं तोंड उघडेना.

मग मी घड्याळ काढलं. उठलो आणि बेबीच्या हातात दिलं. मला वाटलं, झालं. सोयरिकीची वस्तू परत केली, सगळ्यांना समजलं.

"साधु! साधु! साधु!" वंदनेत म्हणतात तसं सगळे एकदम म्हणाले. आई रडायला लागली. सासऱ्यांनी मला मिठीच मारली. "घड्याळच घातलं पोरीच्या हाती! सोयरीक पक्की झाली, आता कुंकवाचा कार्यक्रम वेगळा कायले पाह्यजे?"

मी बेबीकडं पाहिलं. मीच तिला विहिरीत ढकललं असावं, अशी ती माझ्याकडं पाहत होती.

मग तिनं घड्याळ हातात चढवलं. पट्टा मोठा झाला. तिनं ते कोपराच्या वर सरकवलं, तिच्या बहिणीनं सरकवलं होतं तसंच. ती पुढं आली आणि तिनं माझं मनगट धरलं.

"काय करून राह्यली व?" सासरे म्हणाले.

"नाडी पाहून राह्यली," बेबी म्हणाली. "भाऊजी, बोला."

"मामाजी," मी म्हणालो, "घड्याळ तिले शिकाले देल्लं. लग्नाले नाई."

सासरे हळूहळू उठले. त्यांनी टोपी झटकली.

"मंग सोयरीक तुटली समजा. अन् तू," ते बेबीला म्हणाले, "जाय, मर तिकडं अकोल्याले!"

जेवण न करता ते निघाले. बेबी त्यांच्या मागं. फाटकापाशी मी तिला एवढंच म्हणालो, "हात हालवत राह्यजो. नाई त बंद पडते."

"तिथं बसू कोण देईन, भाऊजी?"

ती गेली. मी आत आलो. आई भिंतीकडं तोंड करून बसली होती. दुपारी पोरगी झोपेला आली. तिनं माझं मनगट हातात घेतलं आणि कडं शोधलं. तिथं कातडीचा पांढरा पट्टा होता, सोललेला. त्याच्यावरून ती बोट फिरवत राहिली आणि झोपेना. मी हात तिच्याकडंच ठेवला.