एकाच पत्त्यावरचे पक्षकार

नवरा घर सोडून गेला त्याला नऊ वर्षं झाली, तेव्हा चष्मेवालीने जिल्हा न्यायालयात अर्ज केला, की तो मेला असं धरावं.

तिला त्याच्या मरणाची हौस नव्हती. चष्म्याचं दुकान ती एकटी चालवत होती. काचा घासून बसवणं, वाकड्या काड्या सरळ करणं, नाकावर रुतणारी फ्रेम ढिली करून देणं, सगळं तिच्या हातचं. पण दुकानाच्या परवान्यावर नाव नवऱ्याचं होतं आणि दर नूतनीकरणाला त्याची सही लागायची. आधीच्या कारकुनाने कानाडोळा केला. नवा आला तो म्हणाला, "बाई, एक तर त्यांना आणा, नाही तर ते नसल्याचा कागद आणा."

तो कागद कोर्टात मिळतो हे तिला वकीलबाईंनी सांगितलं. वकीलबाई तिच्याच गिऱ्हाईक, जाड भिंगाच्या.

"तो मेलाय का, असं कोर्ट विचारणारच नाही," त्या म्हणाल्या. "कोर्ट एवढंच बघेल, की ज्यांच्या कानावर त्याची खबर यायला हवी होती, त्यांना सात वर्षांत काही कळलं का. नसेल कळलं, तर तो गेला असं कायदा धरून चालतो."

"ज्यांच्या म्हणजे कुणाच्या?"

"तुमच्या. आणि त्याच्या आईच्या."

त्याची आई, म्हणजे चष्मेवालीच्या सासूबाई, तिच्याच घरात राहत होत्या. मुलगा गेला तरी त्या राहिल्या, आणि दोघींनी कधी त्यावर चर्चा केली नाही. त्या दिवशी घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं. सासूबाई शेंगा सोलत होत्या, त्या सोलतच राहिल्या.

अर्ज पहिल्यांदा परत आला, कारण पानांवर आकडे नव्हते. दुसऱ्यांदा आला, कारण नवऱ्याच्या फोटोची प्रत इतकी काळी निघाली होती की तो कुणाचाही फोटो असू शकला असता. तिसऱ्यांदा खिडकीतल्या माणसाने पानं मोजली, शिक्का मारला आणि अर्जाला नंबर मिळाला. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आली. पोलिसांनी शोध लागला नसल्याचं लिहून दिलं. मग एके दुपारी बेलिफ सासूबाईंचं समन्स घेऊन घरी आला. दार चष्मेवालीनेच उघडलं.

"तुम्ही कोण?" त्याने विचारलं.

"अर्जदार."

"मग मी चुकीच्या घरी आलो."

"नाही, बरोबर आलात. आई, तुमचं समन्स आलंय."

सासूबाईंनी हात पुसून सही केली. बेलिफ गेल्यावर त्या म्हणाल्या, "मी हरकत घेणार आहे."

"घ्या," चष्मेवाली म्हणाली. "पण पायऱ्या खूप आहेत तिथे. साडेनऊच्या बसने जाऊ, म्हणजे सावकाश चढता येईल."

पुढचं वर्षभर दोघी त्याच बसने कोर्टात गेल्या. पहिल्या तारखेला चष्मेवाली दहाला जाऊन बसली, दीडला पुकारा झाला आणि दोन मिनिटांत पुढची तारीख पडली. एवढ्यासाठी दुकान बंद ठेवलं म्हणून तिच्या जिवाचा संताप झाला. नंतर तिला तिथली रीत कळत गेली. सकाळी दाराबाहेरच्या फळ्यावर दिवसाच्या नंबरांची यादी लागते. आपला नंबर अठ्ठाविसावा असला तरी बाहेर जायचं नाही, कारण मधले वीस वकील गैरहजर असू शकतात. सकाळ तारखा देण्यात जाते, साक्षी जेवणानंतर. आणि खोलीत कुणी काहीही बोललं, तरी न्यायाधीश जे टंकलेखकाला सांगतात तेवढंच खरं. जे यंत्रात उतरलं नाही, ते कोर्टात घडलंच नाही.

पुकारा करणारा शिपाई तिसऱ्या तारखेला त्यांच्या बाकाशी आला. "अर्जदार या बाजूला, हरकतदार त्या बाजूला. असं एकत्र बसायचं नसतं."

"यांची पिशवी माझ्याकडे आहे," चष्मेवाली म्हणाली. "औषधं आहेत तीत. त्यांना जड होते."

शिपायाने थोडा विचार केला आणि पाठ फिरवली. पुढे तोच दोघींसाठी पंख्याखालची जागा धरून ठेवायला लागला. सासूबाईंना सरकारी खर्चाने वकील मिळाला होता. तरुण, घाईतला. तो पुढे झुकून आपल्या पक्षकाराशी कुजबुजायचा, तेव्हा चष्मेवाली समजुतीने दुसरीकडे बघायची. एका तारखेला न्यायाधीश रजेवर होते. एका तारखेला फाइलच वर आली नाही. सातव्या तारखेला साक्षी झाल्या.

आधी चष्मेवाली उभी राहिली. शपथ घेतली. इतक्या वर्षांत पत्र नाही, फोन नाही, निरोप नाही, असं सांगितलं. सासूबाईंच्या वकिलाने विचारलं, "तुमचं भांडण झालं होतं का?" ती म्हणाली, "नाही. तो सकाळी नव्या फ्रेमा आणायला गेला." ते यंत्रात उतरलं. तिला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. न्यायाधीशांच्या चष्म्याची डावी काडी वाकली होती आणि तिचं लक्ष पुन्हापुन्हा तिकडेच जात होतं.

मग सासूबाई कठड्यात गेल्या.

"माझा मुलगा जिवंत आहे," त्या म्हणाल्या.

"कशावरून?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मला माहीत आहे."

न्यायाधीश टंकलेखकाकडे वळले. "घ्या. मुलगा जिवंत असावा असं साक्षीदारास वाटते."

"वाटते असं नका लिहू," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, तुमच्या भावना समजतात. पण पुरावा नसेल तर मला वाटते असंच लिहावं लागेल."

सासूबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांच्या वकिलाने घड्याळात पाहिलं.

"पत्र आलंय मला," त्या म्हणाल्या. "चार वर्षं झाली."

यंत्र थांबलं. वकीलबाईंनी मान वर केली. न्यायाधीशांनी विचारलं, "कुठे आहे ते?"

"पिशवीत. सुनेजवळ."

चष्मेवालीने मांडीवरची पिशवी उघडली. औषधांच्या डब्याखाली, तळाशी घातलेल्या पुठ्ठ्याच्या खाली पाकीट होतं. वर्षभर तिने ते प्रत्येक तारखेला स्वतःच्या खांद्यावरून आणलं होतं. तिने ते शिपायाकडे दिलं. न्यायाधीशांनी वाचलं आणि खाली तिच्याकडे पाठवलं. अक्षर कुणाचं, हे तिला विचारलं गेलं.

"त्याचंच," ती म्हणाली.

पत्र सहा ओळींचं होतं. एका बंदरावर गोदामात काम मिळालं आहे, तब्येत बरी आहे, परत यायचं नाही, तिला सांगू नकोस, ती दुकान नीट चालवेल. खाली पत्ता होता.

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. ओरडले नाहीत. चार वर्षांपूर्वी खबर मिळाल्याचं दिसतं, सबब अर्ज नामंजूर, असं त्यांनी सांगितलं आणि ते यंत्रात उतरलं. मग चष्मेवालीला म्हणाले, "जिवंत माणसाविरुद्ध करायचे अर्ज वेगळे असतात, बाई. वकिलांशी बोला." हे यंत्रात उतरलं नाही. शिपायाने एकोणतिसावा नंबर पुकारला.

बसथांब्यावर चष्मेवालीने पिशवी सासूबाईंच्या हातात दिली.

"चार वर्षं," ती म्हणाली.

"सांगू नको म्हणून लिहिलं होतं त्याने."

"मग आज का सांगितलं?"

"माझ्या डोळ्यांदेखत त्याला मेलेला लिहिणार होते," सासूबाई म्हणाल्या. "आणि मला म्हणे वाटतं. रोज रात्री वाचायचे मी ते."

चष्मेवाली अकरा दिवस त्यांच्याशी बोलली नाही. ताट वाढायची, गोळ्या काढून ठेवायची, दुकानात जायची. इतकी वर्षं ती अपघात, नदी, बेवारस प्रेतं यांचा विचार करत आली होती. दोनदा शवागारात जाऊन अनोळखी माणसांचे चेहरे पाहून आली होती. त्यातली दुसरी फेरी पत्र आल्यानंतरची होती. तेव्हा सासूबाई तिच्याबरोबर आल्या होत्या आणि बाहेर बाकावर बसून राहिल्या होत्या. हे आठवलं की तिच्या हातातला स्क्रू निसटायचा.

बाराव्या दिवशी तिने वकीलबाईंना फोन केला. नवा अर्ज झाला. घटस्फोट हवा, आणि दुकान तिच्या नावावर व्हावं. या वेळी पानांवर आकडे पहिल्यापासून होते. पत्रातल्या पत्त्यावर समन्स गेलं आणि महिन्याने सही होऊन परत आलं. वकीलबाईंनी सही दाखवली. अक्षर बदललेलं नव्हतं. तो मात्र एकाही तारखेला आला नाही. तीनदा पुकारा झाला, शिपाई जिन्यापर्यंत जाऊन ओरडून आला, आणि न्यायाधीशांनी त्याच्या गैरहजेरीत काम पुढे चालवलं.

वकीलबाई म्हणाल्या, तो स्वतःहून गेला आणि परत यायचं नाही म्हणाला, हे सांगणारा साक्षीदार असला तर बरं.

"आहे," चष्मेवाली म्हणाली.

घरी येऊन तिने सासूबाईंना विचारलं. गरजेपुरतं बोलणं सोडलं, तर कित्येक महिन्यांत ती पहिल्यांदाच त्यांच्यासमोर बसली होती.

"त्याच्या विरुद्ध बोलायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"विरुद्ध नको. पत्रात आहे तेवढंच."

सासूबाई कोर्टात गेल्या आणि तेवढंच बोलल्या. साक्षीदाराचं नातं विचारलं तेव्हा "सासू" म्हणाल्या. आठ महिन्यांनी निकाल लागला. घटस्फोट मिळाला, दुकान तिच्या नावावर करण्याचा हुकूम झाला. निकालाची नक्कल घेऊन ती परवान्याच्या कचेरीत गेली. कारकुनाने शेवटचं पान तेवढं वाचलं आणि रजिस्टरातलं जुनं नाव लाल शाईने खोडलं.

घरी आली तर सासूबाईंची ट्रंक पलंगावर उघडी होती. कपडे घडी घालून भरले होते.

"हे काय?"

"वकिलाला विचारलं मी," सासूबाई म्हणाल्या. "आता कायद्याने मी तुझी कुणी नाही."

"आणि जाणार कुठे? बंदरावर?"

सासूबाईंनी ट्रंकेतली वरची घडी उचलून पुन्हा घातली.

"कोर्टाला मी त्याच्याबद्दल विचारलं होतं," चष्मेवाली म्हणाली. "तुमच्याबद्दल नाही." आणि ती हात धुवायला गेली.

ती माफी नव्हती. पत्राची गोष्ट तिच्या मनातून गेली नव्हती, पुढेही कधी पुरती गेली नाही. सासूबाईंनाही ते कळलं असावं. कारण ट्रंकेतले कपडे परत कपाटात लावायला त्यांनी चार दिवस घेतले.