पडद्याच्या पुढचं जेवण

ठमाबाईंचा चातुर्मासाचा नेम साधा होता. दिवसातून एकदाच जेवायचं, तेही एका बैठकीला, आणि जेवताना तोंडातून शब्द काढायचा नाही. बोलायचं नाही म्हणजे मागायचंही नाही. वाढणाऱ्याने पानाकडे बघून वाढावं. पान उचललं गेलं की त्या दिवसाचं जेवण संपलं, पोट भरलेलं असो वा नसो.

रेवसच्या घरी यात कधी अडचण आली नव्हती. सून कल्पिता समोरच बसायची. भात निम्म्यावर आला की आमटी यायची, चटणी पुसली गेली की चटणी. सासूची भुवई जराशी हलली तरी मीठ पुढे सरकायचं. त्यामुळे मौन हे मोठं कठीण व्रत आहे असं ठमाबाईंना कधी वाटलंच नाही. ते निम्मं कल्पिता सांभाळत होती, हे त्यांच्या ध्यानात यायला विमानात बसावं लागलं.

लेक विनिता इंदूरला दिलेली. तिच्याकडे पंधरवडा राहून ठमाबाई परत निघाल्या, तर मुलाने, दिपेशने, परस्पर विमानाचं तिकीट काढलं, आणि तेही बिझनेस क्लासचं. दिपेशचे ट्रेलर बंदरात कंटेनर वाहतात. जावयाच्या दारातून आई निघणार, ती पुढच्या खुर्चीत बसूनच निघाली पाहिजे, असा त्याचा हट्ट.

निघायच्या दिवशी विनिताने तिखटमिठाच्या पुऱ्या तळल्या. तेवढ्यात दिपेशचा फोन आला.

"विने, आयेला काय खायला देऊ नको हां."

"अरे, दुपारचं विमान आहे. उपाशी जाईल ती."

"उपाशी कशाला? तिचं एकच जेवण असतं ना, ते वर होऊ दे. बिझनेसमधी काचेच्या भांड्यात वाढतात, पुढं पुढं करतात. जैन जेवण सांगून ठेवलंय. कांद्याचा वासपण न्हाय यायचा."

"मग निदान डबा तरी..."

"बिझनेसमधी बसून डबा उघडनार? माझी लाज काढशील."

डबा इंदूरलाच राहिला.

खुर्ची खरंच ऐसपैस होती. ठमाबाईंनी पाय वर घेऊन मांडी घालून पाहिली, ती बसली. शेजारचे गृहस्थ लॅपटॉपमध्ये मान घालून बसले होते. मागे पडदा होता. पडद्याच्या मागे साधी माणसं, पुढे बिझनेसची. विमान बराच वेळ जमिनीवरच उभं राहिलं. मग उडालं, आणि उडाल्यावरही पुष्कळ वेळ काहीच झालं नाही. पोटात कावळे ओरडू लागले तशी ठमाबाईंनी जपाची माळ काढली. देवाचं नाव घेताना भूक कळत नाही म्हणतात. त्यांना कळत होती.

शेवटी घट्ट अंबाडा घातलेली एक गोरटेली पोर आली आणि पुढ्यात ताट ठेवून गेली. ताटावर शुभ्र कापड होतं. कापडावर एक पाव, एवढुशी बाटली, फळांच्या चार फोडी आणि चंदेरी कागदाने झाकलेलं भाताचं एक भांडं. ठमाबाईंनी पदर डोक्यावर घेतला. हात जोडले. मौन सुरू झालं.

बाटलीतलं पाणी तळहातावर घेऊन त्यांनी ताटाभोवती फिरवलं, शितं काढून बाजूला ठेवली, आचमन केलं आणि भाताचा पहिला घास घेतला. घास कडेला गरम होता आणि मध्ये बर्फ होता. अन्नाला नाव ठेवायचं नाही, असं त्यांच्या आईने शिकवलेलं. त्यांनी तो दातांच्या मागे धरून ठेवला आणि वितळायची वाट पाहिली.

मीठ नव्हतं. त्यांनी भुवई हलवली. पोर दुसरीकडे पाहत होती. थोड्या वेळाने ती आली, पण तिला दिसलं ते सांडलेलं पाणी. "ओह," असं म्हणत तिने कागदाने पाणी पुसलं. पाण्याबरोबर देवापुढची शितंही पुसून नेली. ठमाबाईंनी डोळे मिटून देवाची क्षमा मागितली. डोळे मिटलेले पाहून पोर पाय न वाजवता निघून गेली. म्हाताऱ्या बाईंची झोप मोडू नये, एवढी काळजी तिने घेतली, हे खरंच.

पाव चाकूने कापला जात नव्हता. ठमाबाई त्याला दोन्ही हातांनी मोडत असताना वरून घोषणा झाली आणि विमानाने नाक खाली केलं. लगेच पोर हजर.

"मॅम, शॅल आय क्लिअर धिस?"

ठमाबाईंना वाटलं, काय हवं-नको विचारतेय. मीठ हवं होतं, पण मागायचं नाही. विचारलंस यातच सगळं आलं, अशा अर्थाने त्यांनी हात जोडले. पोर गोड हसली, तिनेही नमस्कार केला आणि ताट उचललं.

पावाचा मोडलेला अर्धा तुकडा तेवढा हातात राहिला होता. पोर दोन पावलं मागे आली आणि तोही घेऊन गेली.

हाक मारावी तर हात उष्टा, मौन सुटलेलं नाही. मग एक ओला गरम रुमाल आला, लिंबाच्या वासाचा. त्याने ठमाबाईंनी हात पुसले आणि मौन सुटलं. बोलायची मोकळीक मिळाली तेव्हा बोलून काही उपयोग उरला नव्हता. पान उठलं होतं. त्याच वेळी पडद्यामागे कुणीतरी डबा उघडला असावा. मेथीच्या ठेपल्यांचा वास पडदा न मानता पुढे आला.

उतरताना पोरीने दारात वाकून निरोप घेतला. "सुखी राहा गं," ठमाबाई म्हणाल्या, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं.

"काय आये, कशी सेवा होती?" न्यायला आलेल्या दिपेशने गाडीत बसल्या बसल्या विचारलं.

ठमाबाईंना खोटं बोलता येत नव्हतं आणि अन्नाला नाव ठेवता येत नव्हतं. "कापडी रुमाल होता," त्या म्हणाल्या.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. कल्पिताने वालाचं बिरडं केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या तव्यावर फुगत होत्या. ओटीवर शेजारची तुळशी येऊन बसलेली.

"आये, चल, गरम हाय तोवर बस," दिपेश म्हणाला.

"तुमी जेवा. माझं झालं."

"बघा," दिपेश तुळशीकडे वळला. "दुपारचं जेवलीय, अजून भूक न्हाय. याला म्हनतात बिझनेस."

"काय काय होतं गं, ठमे?" तुळशीने विचारलं.

"फळं होती, पाव होता, भात होता," ठमाबाई म्हणाल्या. सगळं खरं होतं.

"एवढं सगळं तुझ्या एकटीला?"

"दर टायमाला असंच न्यायचं आता," दिपेशचा आवाज चढला. "दिवाळीला बाबा आनि आये दोघं जातील विनीकडं. जातानापन बिझनेस, येतानापन."

ठमाबाईंचे यजमान दत्तात्रेय झोपाळ्यावर होते. "मना एस्टी बरी," एवढंच ते बोलले. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

ठमाबाई आत जाऊन पाणी प्यायल्या. मग आणखी एक तांब्या प्यायल्या. तिसऱ्यांदा तांब्या माठात बुडाला तेव्हा कल्पिताने भाकरी तव्यावर तशीच ठेवली आणि सासूच्या तोंडाकडे पाहिलं.

"आई, जेवला न्हाय ना तुम्ही?"

"जेवले. एक घास."

"मग बसा की. एका घासाला कोण जेवण म्हणतं?"

"पान उचललं गं त्या पोरीनं. नेम तो नेम."

"तिला काय कळतंय नेमाचं? मी सांगते जाऊन ह्यांना."

"न्हाय. एवढ्या हौसेनं काढलंय पोरानं." बाहेर दिपेश आता तुळशीला खुर्ची किती मागे जाते ते हात पसरून दाखवत होता. ठमाबाईंनी एकदा बिरड्याच्या पातेल्याकडे पाहिलं आणि त्यावर आपल्या हाताने झाकण ठेवलं. "तू फक्त एवढं कर. दिवाळीचं तिकीट काढायला बसला की पंचांग घेऊन त्याच्या शेजारी बस. त्याला म्हनावं, बिझनेसचंच काढ. पन एकादशीचं काढ."