न विझलेला कंदील

मित्रांनो, मी एक जुना कंदील आहे. कंदिलाचे काम उजेड देणे, असे तुम्हांला वाटत असेल. माझे काम मात्र वेळेवर विझणे हे होते. ते मी पुष्कळ वर्षे चोख केले. एकदाच चुकलो, आणि त्या एका दिवसाची हकिगत सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म पारोळ्याचा. किल्ल्याजवळ युसूफभाईंचे पत्र्याच्या डब्यांचे दुकान होते. त्यांनी जाड पत्रा कापून मला घडवले, बुडाला रॉकेलची टाकी डाग देऊन जोडली, काच बसवली आणि डोक्यावर दोरीसाठी भक्कम कडी लावली. मला घ्यायला आलेल्या झुलालनानांनी काम आधीच सांगितले होते. नानांच्या शेतात पेव होते. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले, तोंडाला अरुंद आणि पोटाला रुंद असे धान्याचे कोठार. गावची ज्वारी त्यात महिनोन्‌महिने बंद असायची. बंद धान्य आतल्या आत तापते आणि तळाशी वाईट हवा साचते. ती डोळ्यांना दिसत नाही. पेव उघडून लगेच आत उतरणारा माणूस खाली बसतो आणि पुन्हा उठत नाही.

म्हणून आधी मला सोडत. पेव उघडण्यात तरबेज असलेले भटूआबा माझी वात पेटवून मला दोरीने हळूहळू खाली सोडायचे आणि काठावर पालथे पडून पाहत राहायचे. मी तळापर्यंत जळत राहिलो तर माणसे उतरत. मध्येच विझलो तर सगळे मागे सरत. मग लिंबाच्या फांद्या दोरीला बांधून खालवर करायच्या, हवा ढवळायची आणि पुन्हा मला सोडायचे.

"बठ्ठासले सांगी ठेवस," आबा दरवेळी सगळ्यांना दरडावत. "आधी दिवा. दिवा गया तर खाले पाय ठेवानं काम नही."

माझा तेव्हा काय थाट होता! विझलो की लोक मला हात जोडत. असा मान दुसऱ्या कुठल्या कंदिलाला मिळाला असेल, असे मला वाटत नाही.

नानांची मुलगी कामिनी तेव्हा लहान होती. पेवाचे झाकण निघाले की ती लांबूनच नाक वर करून सांगायची, "आबा, उजव्या अंगाची ज्वारी ओलसर झालीये." आणि तसेच निघायचे. आबा हसून म्हणायचे, "या पोरना नाकले दृष्ट लागी." तेव्हा ते मलाही कौतुकच वाटले होते.

पुढे धान्य गोदामात जाऊ लागले. पेव रिकामे पडले आणि मी कोठीतल्या खुंटीला लटकलो. कोळ्यांनी माझ्या काचेत घरे केली. नाना गेले. बरीच वर्षे माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिले नाही.

कामिनी मात्र त्या नाकाच्या बळावर मोठी झाली. जळगावात शिकली आणि नाशिकला वाइनच्या कारखान्यात चव पारखण्याच्या नोकरीला लागली. पेला गोल फिरवायचा, नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे, की तिला द्राक्षे कुठल्या उताराची, पिंप कुठल्या लाकडाचे, सगळे कळायचे. दहा वर्षांनी ती नोकरी सोडून गावी आली आणि नानांच्या पाच एकरांवर तिने द्राक्षे लावली.

"पोरी, तू दारू गाळी राह्यनी का वं?" भटूआबांनी विचारले. तेव्हा ते ऐंशीला टेकले होते.

"दारू नाही आबा, वाइन. हिला घाई चालत नाही. तीन-तीन वर्षे सांभाळावी लागते."

"तीन वरीसमा तर म्हैस वेत देस," आबा म्हणाले, पण दुसऱ्या दिवसापासून वेलींना पाणी द्यायला तेच हजर.

आमच्याकडच्या उन्हात वाइन टिकणे कठीण. कामिनीला पेव आठवले. तिने त्याचे तोंड रुंद करून ते आतून बांधून काढले, लोखंडी शिडी लावली, हवा खेचणारा पंखा बसवला आणि लाकडी पिंपे खाली नेली. वर जमीन भाजत असली तरी पेवात गारवा असायचा. पहिले पिंप उघडले तेव्हा तिने पेला नाकाशी धरला. मग म्हणाली, "आबा, हिच्यात कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा धूर आहे. आपल्या भरताचा. हे जगात दुसरीकडे कुठे मिळेल?" तिच्या डोळ्यांत पाणी होते.

त्या वाइनचे नाव तिने 'पेव' ठेवले आणि बाटलीवर चित्र छापले ते माझे! खुंटीवरून मी थेट पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत पोहोचलो. धुळ्याहून पाहुणे गाड्या घेऊन येऊ लागले. त्यांना पेव दाखवण्याआधी मला खाली सोडायची जुनी रीत कामिनीने पुन्हा सुरू केली. फक्त एक अडचण होती. रॉकेलचा वास वाइनला मारक, आणि तिच्या नाकालाही. म्हणून तिने मला पारोळ्याला नईमकडे पाठवले. हा युसूफभाईंचा नातू, विजेची कामे करणारा.

नईमने मला उलटसुलट करून पाहिले. "ताई, दादाजींच्या हाताची चीज आहे. वात काढायला मन होत नाही. पण तुम्ही म्हणता तर बॅटरी टाकतो, दिवसभर बंद पडणार नाही."

मित्रांनो, हे शेवटचे शब्द ऐकून मला पहिल्यांदा भीती वाटली.

पाहुणे आले की कामिनी मला खाली सोडायची, मी लखलखत जायचो, लोक टाळ्या वाजवायचे, फोटो काढायचे आणि शिडीने उतरायचे. महिना गेला, वर्ष गेले, दुसरे गेले. ते एक नाटक आहे हे कामिनीला पक्के ठाऊक होते. पण हात रोज जे करतात, ते डोके हळूहळू खरे मानू लागते. माझ्यात बल्ब पाहून आबा एकदा नुसते "हं" म्हणाले आणि निघून गेले.

यंदाच्या मार्चमध्ये ऊन लवकर तापले. वरच्या टाक्या गार ठेवणारे यंत्र बिघडले. टाक्यांत ताज्या द्राक्षांचा रस आंबत होता. तो तापला तर वर्षाची मेहनत वाया जाणार, म्हणून कामिनीने तो पेवात हलवला. आंबणारा रस तीच वाईट हवा सोडतो, आणि ज्वारीपेक्षा कितीतरी जास्त. हे कामिनी इतरांना शिकवायची. पंखा रात्रंदिवस चालू ठेवायचा, असा तिने स्वतःच नियम केला होता.

त्या दुपारी वीज गेली आणि पंखा थांबला. मोटार सुधारायला आलेला नईम विहिरीवर होता. चार वाजता पुण्याहून एक मोठे गिऱ्हाईक पिंपातली वाइन चाखायला येणार होते आणि कामिनीला नमुना काढायचा होता. ती घाईत होती. तिने सवयीने माझी कळ दाबली आणि मला खाली सोडले.

मी त्या हवेत शिरताच मला ती ओळखू आली. चाळीस वर्षांपूर्वी दोन हातांवर विझलो असतो. मी विझायची किती धडपड केली! पण माझ्या पोटात वात नव्हती. मी तळापर्यंत लखलखत गेलो. कामिनीने वरून वाकून पाहिले आणि शिडीवर पाय ठेवला.

सातव्या पायरीवर तिचा हात सुटला. तिचे डोके पिंपाच्या लोखंडी कड्यावर आपटले आणि ती रचलेल्या पिंपांवरच अडकून राहिली. तळाशी गेली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती.

आवाज ऐकून आबा आणि नईम धावत आले. नईम शिडीकडे झेपावला तसा आबांनी त्याचा सदरा धरला.

"थांब रे! तुले बी तठेच राहानं शे का?"

"आबा, दिवा जळतोय ना खाली!"

"तो दिवा नही, बल्ब शे!" आबा ओरडले. त्यांनी खिशातली आगपेटी काढली, चिंधी पेटवून खाली टाकली. ती निम्म्यावरही न पोहोचता विझली. नईम शिडीपासून मागे सरला.

गावातला वना नावाचा ट्रॅक्टरवाला जवळच फवारणी करत होता. त्याने फवारणीचा मोठा पंखा पेवाच्या तोंडाशी आणून जोराने हवा आत सोडली. आबा चिंध्या पेटवून टाकत राहिले. चौथी चिंधी तळापर्यंत जळत गेली, तेव्हा कुठे त्यांनी नईमला कमरेला दोर बांधून उतरू दिले.

कामिनी वाचली. डोक्याला मोठा मार होता; धुळ्याच्या दवाखान्यातून महिन्याने घरी आली. गावाने पेढे वाटले. पुण्याचे गिऱ्हाईक म्हणाले, सावकाश बरे व्हा, आम्ही थांबतो. सगळे खूश होते. ती मात्र जेवताना ताटाकडे पाहत बसायची. एका सकाळी कुणी नसताना तिने 'पेव'ची बाटली उघडली, पेला फिरवला, नाकाशी नेला. पुन्हा नेला. मग पेला तसाच खाली ठेवला. हे फक्त मी पाहिले.

काल तिने स्वतःच्या हाताने माझ्यातला बल्ब काढला. नईमने मान खाली घालून नवी वात बसवली. रॉकेल आता कुठे मिळत नाही. आबांनी घरात जपून ठेवलेली बाटली आणली आणि माझी टाकी काठोकाठ भरली. थोडे कामिनीच्या बोटांवर सांडले. तिने बोटे नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरली.

"आबा," तिने हळूच विचारले, "हे रॉकेलच आहे ना?"

आबांनी बाटलीला बूच लावले. "हां पोर," ते म्हणाले, "रॉकेलच शे." आणि त्यांनी तोंड फिरवले.

आता मी पुन्हा पेवाच्या तोंडाशी टांगलेला आहे. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे एखादे जुने माणूस किंवा जुनी वस्तू असेल. तिला घासूनपुसून मिरवा, तिचे फोटो काढा, माझी हरकत नाही. पण ती कशासाठी होती ते आधी विचारून घ्या आणि तिचे ते काम तिच्याकडून काढून घेऊ नका. आणि मी विझलो, तर कृपा करून मागे फिरा.