सोमवारचा कोरा कागद

सोमवारी सकाळी चक्कीच्या भिंतीवर कागद लागला, तो कोरा. वर तारीख, खाली हिरामणची सही, अन् मधात काहीच नाही. दळण घेऊन आलेल्या बायांनी आधी चष्मे पुसले. कोणी म्हणालं, पेनातली शाई संपली असेल. कोणी म्हणालं, घाई झाली असेल. देवकाबाईंनी तर कोपरा उचकटून मागची बाजूही पाहून घेतली.

चक्कीवाल्या सरलाला मात्र राहवेना. बाई मुळातच चौकस. शेजारी पाहुणा आला तर दारातल्या चपलांवरून तो कुठल्या गावचा, हे ओळखायला बघायची. मध्य प्रदेशात, सौंसरहून लोधीखेड्याकडे जाताना रस्त्यापासून जरा आत त्यांचं गाव. तिथं फवारणीचे पंप दुरुस्त करणारा हिरामण सहा वर्षांपासून दर सोमवारी एक कागद लिहून चक्कीच्या भिंतीवर चिकटवायचा. मराठीत, स्केचपेननं, ठळक अक्षरात. रेशन कधी येणार, शाळेचं छप्पर कुठं गळतं, संत्र्याला नागपुरात काय भाव. मोठ्या पेपरात या गावाचं नाव यायचं ते अपघात झाला तरच. हिरामणला ना पगार, ना कोणी मालक. सव्वीस जानेवारीला गावानं त्याला शाल दिली, नारळ दिला, टाळ्या वाजवल्या आणि आपलं कर्तव्य आटोपलं म्हणून घरी जाऊन झोपलं!

दुपारी चक्कीला कुलूप लावून सरला त्याच्या दुकानात गेली.

"काहून जी हिरामणभाऊ, मौन धरलं का?"

हिरामण पंपाचं नोझल फुंकत होता. मान वर न करताच म्हणाला, "लिहू काय? बोरची बातमी लिहिली तं सरपंच यशवंतराव विचारून राहिले, कोनं सांगतलं म्हणून. ज्यायच्या नळाले पाणी येत नाही अशा चौघायकडे गेलो. चौघं म्हणतात, तुम्ही लिहा बिनधास्त, फक्त आमचं नाव नका घेऊ. आता शुक्रवारी ग्रामसभेत मले माफी मागा लागते. अन् कागद बंद."

"अन् माहं नाव?"

"तुमचं कसं घेऊ, ताई? शब्द देला होता न् तुमाले. चक्की यशवंतरावायच्याच खोलीत हाय तुमची."

ती बातमी सरलानंच दिली होती. तीही कोणी सांगितलेली नाही, चक्कीनं सांगितलेली. गावाच्या पाण्याचा बोर आणि चक्की एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर. बोरचा पंप सुरू झाला की वीज कमी पडते, चक्कीची मोटर दमते, पट्ट्याचा आवाज जड होतो. रोज सकाळी सहाला हे व्हायचं, त्यात नवल नव्हतं; तेव्हा नळ सुटायचे. पण चैत्रापासून मोटर दुपारी दोनलाही दमायला लागली. आता भर दुपारी नळ कोणाला सुटतात? चार दिवस तिनं कान देऊन ऐकलं, पाचव्या दिवशी दळण अर्धवट टाकून बोरवर गेली. पंप चालू. पाइपाच्या कडेकडेनं चालत गेली, तर पाइप थेट यशवंतरावांच्या संत्र्याच्या बगीच्यात. गावात नळाला दहा मिनिटं पाणी, आणि इकडे झाडांची आळी तुडुंब!

त्या वेळी पठ्ठीला कोण आनंद झाला होता, चोर सापडल्याचा. हिरामणला सांगून मोकळी झाली, आणि वर म्हणाली होती, "माहं नाव नका घेऊ बाप्पा." म्हणजे त्या चौघांत आणि हिच्यात फरक काय? हा प्रश्न तिला मंगळवारी छळत राहिला, बुधवारी छळत राहिला, गुरुवारी तर जोंधळ्याच्या जागी तिनं कोणाचे तरी गहू दळून ठेवले.

शुक्रवारी शाळेच्या ओसरीवर ग्रामसभा भरली. यशवंतराव माणूस गोड बोलणारा. म्हणाले, "हिरामण आपलाच हाय. चुकला, माफी मागंल, विषय संपला. नाही तं उठा कोनी अन् सांगा, मी पाह्यलं म्हणून."

सगळ्यांना एकाएकी ओसरीची फरशी फार बघण्यासारखी वाटू लागली. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार? हिरामण उठला, घसा खाकरला. आणि सरलाला त्या माणसाची अशी कणव आली, स्वतःची अशी लाज वाटली, की ती ताडकन उभीच राहिली.

"मी पाह्यलं. मीच सांगतलं त्यायले."

"तू?" यशवंतराव हसले. "तू तं दिवसभर चक्कीत असतं. तुले काय दिसते तिथून?"

"दिसत नाही जी, आयकू येते. दोन वाजले का मोटर दमते. बोर चालू झाल्याबिगर दमत नाही. मंग जाऊन डोयानं पाह्यलं. पाइप तुमच्या बगीच्यात जाते."

"मोटर दमते म्हणे! हे काय पुराव्यात धरतात का?"

"थांबा, थांबा," मागून देवकाबाई उठल्या. "सरले, दोनच्या नंतर दळलं तं पीठ भरड येते का व?"

"येते, मावशी. दगड हळू फिरते न्."

"अवं माय! म्हणून माह्या भाकरी फाटून राहिल्या होत्या! मी दोन महिने सुनेले बोलून राहिली!"

ओसरीवर हशा पिकला, आणि हशातून एकेक आवाज निघू लागला. माझंही पीठ भरड. आमचंही, दुपारचंच. आपण काहीच पाहिलं नाही म्हणून ज्यांनी शपथा घेतल्या असत्या, त्यांनी दोन महिने तो पुरावा ताटात घेऊन खाल्ला होता. ठरलं, उद्या दोन वाजता सगळ्यांनी मिळून बोरवर जायचं.

यशवंतराव उठले. जाताना सरलाजवळ थांबून हळूच म्हणाले, "खोली एक तारखेले खाली करजो."

सरलाचा चेहरा उतरला. दहा वर्षांची चक्की. एवढं मोठं धूड उचलून न्यायचं कुठं? हिरामणनं ते ऐकलं होतं. त्यानं खिशातून पेन काढलं, पण टोपण काढेना.

"ताई, हे लिहू? का राहू देऊ?"

तिला रडूही येत होतं, रागही येत होता.

"लिहा. माह्या नावासकट लिहा."

"अन् खाली माहं टाक रे," देवकाबाई म्हणाल्या. "देवकाबाई, भाकरी फाटल्या. अन् सुनेची चूक नव्हती, हे बी लिही."

त्यांच्या मागं आणखी तिघी उभ्या होत्या, आपलं नाव नीट लिहिलं जातंय का ते बघायला.