वाफ कमी करणारी सून

कारखान्यातला मनोरा पाडायचा की नाही, हे संध्याकाळी ठरणार होतं. भंगारवाला मात्र सकाळीच हजर. त्याने टेप लावून बुंध्याचा घेर मोजला, समाधानाने मान डोलावली आणि बायकोला दाखवायला घेऊन आला.

मनोऱ्याचं काम ब्यूटेन वायूची दोन भावंडं वेगळी करण्याचं. अणू दोघांचे तेच आणि तेवढेच. पण एक सरळ रांगेत उभा, दुसऱ्याला फांदी फुटलेली. शेजारच्या रिअ‍ॅक्टरमध्ये सरळ्यांचे फांदीवाले होत. मनोऱ्याचा तळ वाफेने तापवला की फांदीवाले आधी उकळून वर निघत, उरलेल्या सरळ्यांची रवानगी पुन्हा रिअ‍ॅक्टरमध्ये. वरून पंच्याण्णव टक्के शुद्ध माल यायला हवा होता. येत होता ब्याऐंशी. संध्याकाळपर्यंत सुधारला नाही, तर मनोरा भंगारात.

पॅनेलवर बसलेल्या सुनेची ही पहिलीच नोकरी. मनोरा गेला की नोकरीही गेली. आणि प्लांटच्या मॅनेजर होत्या तिच्या सासूबाई.

"वाफ वाढव," सासूबाई म्हणाल्या. सर्दीपासून संपापर्यंत सगळ्यावर त्यांचा हाच उपाय होता.

"वाढवली, मॅडम. ऐंशीवर आलं."

"मग अजून वाढव."

सुनेने वरचा आणि खालचा दाब पाहिला. दोहोंतला फरक फुगत चालला होता. वाफ वाढवल्यामुळे आतला उकळता वायू इतक्या जोरात वर उसळत होता की खाली उतरणारा द्रव मधेच अडकून बसला होता. मनोऱ्यातले एकावर एक रचलेले भोकांचे ट्रे तुंबले होते. आत नुसती सरमिसळ.

"मॅडम, वाफ कमी करते."

"कमी? अगं, आधीच मान टाकलीय त्याने!"

"आई, त्या वाफेच्या बटणावरचा हात काढा."

कंट्रोल रूममधले सगळे एकदम आपापल्या चपलांचं निरीक्षण करू लागले. सासूबाईंनी हात काढला, बहुधा धक्क्यानेच.

सुनेने वाफ उतरवली. अडकलेला द्रव धबाधबा तळाशी आला. आकडा घसरून सत्तरवर.

"झालं समाधान?"

"थांबा ना जरा!"

हळूहळू दाबाचा फरक खाली बसला. ट्रे मोकळे झाले. आकडा ऐंशीवर आला, नव्वदला टेकला, पंच्याण्णव ओलांडून सत्त्याण्णववर ठाण मांडून बसला. प्रयोगशाळेतल्या काकांनी नमुना तपासला, चष्मा पुसला, पुन्हा तपासला आणि फोनवर नुसतेच ओरडले.

सासूबाईंनी माईक ओढला. "सर्वांनी लक्ष द्यावं. मनोरा पाडायचा नाही. माझ्या सुनेने माझं ऐकलं नाही, त्याबद्दल तिचं जाहीर अभिनंदन!"

प्लांटभर शिट्ट्या घुमल्या. माईक बंद करायचा राहून गेला, म्हणून पुढचंही सगळ्यांना ऐकू गेलं: "हे घरी कुणाला सांगू नकोस हं."