बाबांनी सुधारलेली तक्रार

शमिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पलासिया भागातल्या ज्या कोचिंग क्लासमध्ये ती केमिस्ट्री शिकवायची, तिथल्या डायरेक्टरने, त्या मेल्या दिवाकरने, स्टाफरूमचं दार लोटून तिला कपाटाशी दाबून धरलं आणि कुर्तीत हात घातला. ती किंचाळली, त्याला ढकलून पळाली. घरी येऊन तिने तक्रार लिहिली. सकाळी ती क्लासच्या तक्रार समितीकडे द्यायची होती. आईला तिने एवढंच सांगितलं होतं की सरांशी वाजलं.

पण छत्रीबागेतल्या या घराची रीतच वेगळी! पणजोबा दरबारात कारकून, बाबांचा जन्म सरकारी ड्राफ्ट लिहिण्यात गेलेला. घरातला कुठलाही कागद बाबांनी, म्हणजे अच्युतरावांनी, शुद्ध करायचा, मग उभं राहून सगळ्यांना मोठ्यांदा वाचून दाखवायचा, तेव्हाच तो बाहेर जायचा.

बाबांनी तक्रारही शुद्ध केली. ‘दाबून धरलं’चं झालं ‘निकट आले’. ‘कुर्तीत हात घातला’चं ‘अनुचित वर्तन केले’. आणि ‘मी किंचाळले’ खोडून त्यांनी लिहिलं, ‘मी नापसंती व्यक्त केली’. नापसंती! जसं काही भाजीत मीठ कमी पडलं होतं.

“बेटा, सभ्य भाषेत लिहिलं की लोक ऐकतात. नाहीतर तुझीच बदनामी.”

“त्याने सभ्यपणे घातला होता का हात?”

बाबा उठले, घसा खाकरला आणि आपला मसुदा खड्या आवाजात वाचला. शमिकाची आई, लीलाताई, मेथी निवडत ऐकत होत्या.

“एवढंच ना?” त्या म्हणाल्या. “मग चहा पाजून मिटवून टाका की! उगाच बात का बतंगड कशाला?”

शमिकाचा तोल सुटला. “ऐकलंत, बाबा? सख्ख्या आईला कळलं नाही माझ्याबरोबर काय झालं! समितीला काय डोंबल कळणार?” तिने आपला कागद त्यांच्या हातात कोंबला. “आता हा वाचा. मोठ्यांदा. घरचा कायदा आहे ना?”

अच्युतरावांनी चष्मा सारखा केला. पहिली ओळ वाचली. दुसरी अर्धी वाचली आणि कुर्तीपाशी त्यांचा आवाज बसला. लीलाताईंचे हात थांबले.

“पुढे वाचा.”

“नाही वाचवत गं.”

“तुम्हाला नुसतं वाचवत नाही! माझ्या अंगावर झालंय ते!”

बाबा मटकन खाली बसले. लीलाताईंनी मेथीची परात दूर लोटली, पदराला हात पुसले आणि नवऱ्याच्या हातातून कागद ओढून घेतला.

“द्या इकडे,” त्या म्हणाल्या. “मी वाचते. आणि उद्या समितीपुढेही मीच वाचणार.”